फुकट नको म्हणणारी मुलगी

२ डिसेंबर, मंगळवार

आज प्राचार्य वर्गात आले. दहा तारखेला नागपूरला मोर्चा, सगळ्यांनी यायचं, बस कॉलेजची. अधिवेशनात बिल येऊन राहिलं ना, सरकारी कॉलेजांची फी माफ करायचं, जागाही वाढवायचं — त्याच्या विरोधात! म्हणजे या खासगी कॉलेजात फी भरणारे आम्ही, आणि माफ करू नका म्हणून ओरडणारेही आम्हीच. मागच्या बाकावरून कोणीतरी हसलं. प्राचार्य म्हणाले, जो येणार नाही त्याचे इंटर्नलचे मार्क बघून घेऊ. मग कोणी हसलं नाही.

मी जाणार नाही. लिहून ठेवते.

४ डिसेंबर, गुरुवार

संस्थेच्या अध्यक्ष साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. चहा बाबांनीच आणून ठेवला, माझ्याकडे न बघता. ते तिथे शिपाई आहेत. साहेब म्हणाले, "बेटा, तू भाषण में हर साल फर्स्ट आती है. मंच से तूच बोलायचं." हातात छापील कागद दिला. 'मी गरीब घरची मुलगी. मला फुकट नको, मला दर्जा हवा.'

गरीब तर आहेच. पण फुकट नको असं मी कधी म्हटलं? माझ्या मैत्रिणीला, आचलला विचारा ना. बारावीला माझ्यापेक्षा हुशार होती. सरकारीत जागा मिळाली नाही, खासगीची फी झेपली नाही. आता गोंदियात साड्यांच्या दुकानात घड्या घालून राहिली.

मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तर साहेब बाबांकडे वळले. "उदाराम, पोरगी गुणी आहे तुझी." बाबा हात जोडून हसले. ते हसणं मला अजिबात आवडलं नाही.

५ डिसेंबर

घरी भांडण. मी म्हटलं, हे मी वाचणार नाही. बाबा म्हणाले, "काऊन? दोन मिनटाचं काम हाय." मी म्हटलं, खोटं आहे. मग तापले — "सारे सरकारीत गेले तं हे कॉलेज बंद पडन. मंग मी कोठं जाऊ? तुले फुकट पायजे, मले पगार पायजे."

त्यांचं खरंच आहे, म्हणून जास्त राग आला. आई धान पाखडून आलेली, डोक्यापासून पायापर्यंत धूळ. म्हणाली, "तोंड तिचं हाय. तिले जे बोलाचं ते बोलू द्या." बाबा न जेवता उठले.

मी जेवले. पोटभर.

८ डिसेंबर

ठरवलं. जाईन. मंचावरही चढेन. कागदही नेईन.

१० डिसेंबर, बुधवार

नागपूर. सगळ्यांच्या हातात पाट्या. अर्ध्या पोरींनी आपली पाटी वाचलीसुद्धा नव्हती. माझं नाव पुकारलं — चेतना. कागद उघडला आणि पहिलं वाक्य वाचलं, मी गरीब घरची मुलगी. मग कागदाची घडी केली. म्हटलं, "पुढचं मला लिहून दिलंय, ते मी बोलणार नाही. मला फुकट पाहिजे. माझी मैत्रीण आचल, तिलाही पाहिजे. मागायची मला लाज वाटत नाही. आणि त्यापायी खासगी कॉलेजातल्या शिपायांची नोकरी गेली, तर सरकारने त्यांना सरकारी कॉलेजात घ्यावं. माझे बाबा शिपाई आहेत."

इथे माईक बंद केला. पण पोरींनी टाळ्या वाजवल्या! येताना प्राचार्यांनी मला बसमध्ये पुढे एकटीला बसवलं. बसले. खूप बरं वाटत होतं.

११ डिसेंबर

बाबा बोलत नाहीत.

१२ डिसेंबर

आचलचा फोन. कोणीतरी माझ्या भाषणाचा व्हिडिओ टाकला, तो अख्ख्या दुकानाने बघितला म्हणे. "माह्यं नाव कायले घेतलं तू? मालक इचारून राहिला, नोकरी सोडतं का म्हणून." हसली. मग रडायलाच लागली.

१५ डिसेंबर, सोमवार

उलटंच झालं. बाबांना काढतील म्हणून आम्ही जीव मुठीत धरून होतो. साहेबांनी मला बोलावून पेढा दिला! व्हिडिओ मुंबईपर्यंत गेला. साहेबांना निवडणूक लढवायची आहे, आणि त्यांच्या पक्षाने आता बिलाला पाठिंबा दिलाय. "बेटा, यही तो चाहिए था." मोर्चा यांचा, विरोध यांचा, आणि आता मीही यांचीच.

चौकात फ्लेक्स लागणार. एकीकडे साहेब, दुसरीकडे माझा फोटो. 'मोफत शिक्षणाचा आवाज — आमच्या संस्थेची कन्या.' बाबांची नोकरी पक्की, माझी फी माफ. माझ्या एकटीची फीमाफी मी कुठे मागितली होती? फोटो लावू नका म्हटलं. साहेब हसले. "तेरे बाबा ही लगाएंगे."

घरी बाबांना सांगितलं, लावू नका. म्हणाले, "साहेबाचं काम हाय." एवढंच. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला रडू आलं, रागाचं.

१७ डिसेंबर

दुपारी कात्री घेऊन चौकात गेले. फ्लेक्स नव्हता.

बाबा घरी, ओट्यावर. अंगात गणवेश नाही. आईने सांगितलं, त्यांनी साहेबांना तोंडावर म्हटलं, "पोरगी नाई म्हणते, मी नाई लावत." उद्यापासून येऊ नको म्हणाले साहेब.

मी त्यांच्याजवळ बसले. कात्री बाजूला ठेवली. तेच म्हणाले, "आता सांग, ते बिल पास कवा होते?"