तळपायाची आग

दि. १४ नोव्हेंबर

नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. मी बरी आहे. इस्त्रीचं दुकान चाललंय, हाताखाली दोन बायका आहेत. ‘ताई’ म्हणून सुरुवात केलीस. जिच्या नवऱ्याशी लग्न केलंस तिला ताई म्हणायला छाती लागते. असो.

त्याच्या पायांना मुंग्या येतात, तळवे जळतात, चादरही सहन होत नाही, आणि ‘ती काय करायची ते तिलाच विचार’ म्हणतो. वाचून पोटभर हसले. दोघींनाही वाचून दाखवलं.

तर ऐक. पाणी कोमट हवं. त्याच्या पायाला विचारू नकोस, आपलं कोपर बुडवून बघ. साखरेनं नसा गेल्यात, त्याला ऊन-थंड कळत नाही. बोटांच्या बेचक्या कोरड्या टिप. मग तेल, हलक्या हातानं. जखमेवर मात्र पाणीही नको, तेलही नको. सैल सुती मोजे घाल. बसल्या बसल्या घोटे फिरवायला लाव. कुरकुर करेल, करू दे. गोड वरच्या फळीवर लपवू नकोस, तिथे तो बरोबर पोचतो. यानं रोग जात नाही, रात्र तेवढी निभते.

ठेच लागलेल्या पायाला पट्टी आहे, म्हणून सध्या दुसऱ्याच पायाला गरम पाण्याची पिशवी लावतेस, असं लिहिलंस. इथे माझा हात थांबला. वाटलं, लिहावं, लाव हो, आणखी कढत लाव. ज्या पायांना मी इतकी वर्षं तेल चोळलं, त्याच पायांनी तो चालता झाला. भाजू देत.

पिशवी फेकून दे. आजच. तिनं काय केलंय ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

कुठे, म्हणशील. गेल्या मंगळवारी ‘दवाखान्यात जाऊन येतो’ म्हणून निघाला ना? तो माझ्या दुकानात आला.

“तिला नाही जमत गं,” म्हणाला. “तुझा हातच वेगळा.” आणि गिऱ्हाइकांच्या बाकावर बसून, चपला काढून पाय पुढे केले. जसा काही काल संध्याकाळीच घरातून गेला होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उभ्यानं इस्त्री करून माझेही पाय जळतात, त्याच्या संसारात होते तेव्हापासून. एकदा सांगितलंही होतं. ‘झोप, बरं वाटेल,’ म्हणून कूस वळवली होती त्यानं.

मी समोर खुर्ची ओढली आणि माझे पाय त्याच्या मांडीवर ठेवले.

“आधी माझे दाब.”

“अगं, लोक बघतायत.”

“बघू देत. दाब.”

दाबले त्यानं. मान खाली घालून. दोघी इस्त्र्या उभ्या करून बघत राहिल्या, कपडे न्यायला आलेली मास्तरीणही थांबली. मी मुळीच घाई केली नाही. अंगठा कुठे रोवायचा तेही शिकवलं.

मग तो उठला तेव्हा टाच दिसली. भाजल्याचा फोड फुटून आत पू झालेला, आणि याला पत्ताच नाही! मीच धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी उशीर झाला असता तर पाऊल कापावं लागलं असतं. ठेच कसली, अगं. ती पट्टी या जखमेची आहे. रोज बदल, आणि तो कितीही नाही म्हणाला तरी त्याला परत तिथे ने.

बाहेर आल्यावर मला विचारतो, “मी इकडेच राहायला आलो तर?”

“कळवते,” म्हटलं.

तेच कळवतेय. मुद्दाम तुझ्या हाती. तो शेजारी असेल तर मोठ्यानं वाच : माझ्या घरात त्याला जागा नाही. तुझ्या घरात ठेवायची की नाही, ते तुझं तू ठरव. खोटं वाटलं तर पत्र त्याच्यासमोर धर. माझं अक्षर तो ओळखतो.

कळावे. लोभ नसला तरी चालेल.

इस्त्रीवाली