फुगा आधी काढला तेव्हा

अण्णा, चित्रकथांतले पात्रांच्या बोलण्याचे फुगे मी आता संगणकावर भरते. तिथे फुगा आधी येतो, रिकामा. तुमच्याकडे हे चालत नव्हतं. नवीन जालन्यात बियाणांच्या जाहिरातींच्या भिंती रंगवून तुम्ही दुपारी घरी यायचात, स्वयंपाकघरात पाटावर मुलांच्या मासिकाची पानं मांडायचात आणि पात्रांचं बोलणं हातानं लिहायचात. घाबरलेल्याची अक्षरं थरथरती, ओरडणाऱ्याची जाडजूड. मी एकदा हौसेनं आधी गोल गरगरीत फुगे काढले आणि मग त्यांत शब्द कोंबले. राक्षसाची धमकी कडेला जाऊन मुंगीएवढी झाली. तुम्ही पान माझ्यासमोर धरलंत. "आधी बोलणं लिही माय, मंग फुगा काढ. ज्याचं जेवढं बोलणं, तेवढीच त्याला जागा." सगळं पुन्हा लिहायला लावलंत. चांगलं झालं, असं तेव्हा म्हणाला नाहीत. पुढे अख्खी पानं मी लिहू लागले तेव्हाही नाही. मी मात्र वाट बघत होते, तुमचा रागही यायचा.

घशाच्या ऑपरेशननंतर तुमचा आवाज गेला. दवाखान्यात तुम्ही लिहूनच बोलायचात: पाणी, उशी, पंखा बंद. त्या दुपारी तुम्ही कागद मागता आणि कधी नाही ते आधी फुगा काढता. चांगला मोठा, शेपटी स्वतःकडे वळवलेली. पेन आत टेकवून दम घेता. मी पेन काढून घेते, म्हणते, दमलात, उद्या लिहा. तुम्ही मान हलवून नको म्हणता, तरी मी कागद उशीखाली सारते. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात.

तुम्ही कागद मागितलात ते आईनं दारातून पाहिलं होतं; तेरावं झाल्यावर तिनं विचारलं, "काय लिहून राह्यले व्हते ते?" तिला वाचता येत नाही. दवाखान्यातून आणून ठेवलेला तो कागद आणते म्हणून मी आत गेले आणि तुमच्या वळणानं तो फुगा भरला: 'पोरीचा हात चांगला बसला.' वाचून दाखवल्यावर आई रडली. आता तो कागद काचेत घालून भिंतीवर लावलाय. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दाखवते आणि तुमचे जुने सोबतीसुद्धा म्हणतात, अक्षर पेंटरचंच, बराबर ओळखू येतं. मला तिथे उभं राहवत नाही.

हे पत्र मी कुणाला वाचू देणार नाही. आईसाठी केलं, असं मी आजवर मनाला सांगत आले. पण तिच्यासाठीच करायचं होतं तर त्या फुग्यात तिच्याबद्दल दोन शब्द लिहिता आले असते. तेव्हा मला ते सुचलंच नाही, अण्णा.