प्लगवरचा हात

मंगळवार, संध्याकाळ

निवृत्तीनंतर कुणालाही न विचारता घेतलेला माझा संगणक! मदरबोर्डचं बायॉस, म्हणजे संगणक सुरू करणारा मूळ प्रोग्राम, अपडेट होत होतं. मध्येच वीज गेली तर बोर्ड मेलाच, आणि तसला आता परळीतही मिळत नाही. नेमकं तेव्हाच आभाळ गडगडलं. गडगडलं की माझी धाकटी जाऊ सुमन घरभर प्लग उपटत फिरते. मी परीक्षेत पहारा देणाऱ्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरसारखी प्लगवर हात ठेवून उभी.

"अक्का, ईज पडंल! कावून हट्ट करताव?"

"हात तर लावून बघ!"

सुमन निघून गेली. काम संपत आलं आणि लाइट गेली. इन्व्हर्टर आहे की! पण पडदा काळाच. बाईसाहेब सगळ्यात आधी इन्व्हर्टरच बंद करून आल्या होत्या. मी प्लग कसला राखत होते?

वर म्हणते, "बघा, काई जळलं का?"