गाडीखालचा हिरवट डाग

रविवार, संध्याकाळ

पेठहून येताना घाटात गाडी तापली, बॉनेटमधून वाफ निघाली. काल गाडी मीनलने, माझ्या बायकोने, नेली होती, म्हणून मागे बसलेल्या सासूबाईंसमोरच तिला बोललो, "तापमानाचा काटा वर जातो ते दिसत नाही का तुला?"

घाटातल्या गॅरेजमधल्या मेकॅनिकने वाकून पाहिलं. "साहेब, कूलंटचा पाइप बरेच दिवस गळतोय. पार्किंगमध्ये डाग दिसला नाही?"

दिसला होता. मीनलनेच दोनदा दाखवला होता तो हिरवट डाग. एसीचं पाणी असेल, म्हणून मीच उडवून लावलं.

मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "दोघांच्याही लक्षात नाही आलं."

पाइप बदलून घरी आलो. आता स्वयंपाकघरात सासूबाई तिलाच समजावतायत, गाडी जपून चालवत जा. मी इथे बसून ऐकतोय. उठत का नाही?