मशीन बघून खोकं

बाबा, तुझी नात चिप बनवते. नखाएवढा तुकडा. कानात घालायच्या यंत्रात बसणार आहे. बाजारात दहा माणसं एकदम ओरडत असली तरी समोरच्याचा आवाज तेवढा वेगळा काढून कानात सोडायचा, असं काम. ते काम करणारं डोकं, म्हणजे आकड्यांनी भरलेला प्रोग्राम, तयार आहे, पण मोठ्या कॉम्प्युटरवरच चालतं. ते दाबून लहान करायचं आणि कानातल्या दाण्याएवढ्या बॅटरीवर दिवसभर चालवायचं.

पोरगी कितीतरी दिवस तोंड पाडून होती. एका रविवारी दुपारी सानपाड्याच्या घरात मी कोलंबी सोलत होते, ती ओट्याला टेकून उभी. विचारलं तर म्हणे, "आई, तुला नाही कळणार." म्हटलं, "नाय कळलं तर नाय कळलं. तू बोल, तुझं तोंड बघून कंटाळले मी." मग बोलली. ऑफिसात दोन टोळ्या. वरच्या मजल्यावरची टोळी ते डोकं लहान करते, खालची, म्हणजे हिची, चिप आखते. वरच्यांनी डोक्यातले आकडे तपासले, ज्यांच्यावाचून अडत नाही असे अर्धे उडवले आणि यादी खाली पाठवली. पण उडवले ते इथला एक, तिथला एक. कुठे रिकामं, कुठे भरलेलं, हे लक्षात ठेवण्यातच चिपची ताकद जाते. "अर्धं काढूनसुद्धा बॅटरी तेवढीच खाते," ती म्हणाली. आराखडा थोड्याच आठवड्यांत कारखान्यात जाणार, एकदा गेला की बदल नाही. आणि साहेब म्हणतो, मिळालंय त्यात भागवा.

माझे हात थांबले. पावणे गावातली तुझी शेड दिसायला लागली. मी सातवीत शाळा सोडून तुझ्या हाताखाली आलेय, तू मशिनींसाठी लाकडी खोकी ठोकतोस. एका कारखान्यातून मापाचा कागद आलाय, तू बाहेर गेलायस, आणि मी हुशारी करून खोकं ठोकून मोकळी. खोकं कारखान्यातून परत येतं, मशीनचा दांडा बाहेर राहतो म्हणून. तू हात उगारला नाहीस. चार माणसांत विचारलंस, "काय गो, मशीन बघलीस का कागद?" आणि मला धरून त्या कारखान्यात नेलंस. फिटरला म्हणालास, "दांडा सुटतो ना? मग तू दांडा काढ, मी आत आडवी पट्टी मारतो, तिच्यावर बसंल." त्याने दांडा काढला, तू पट्टी मारलीस, नवं खोकं पहिल्यापेक्षा वीतभर लहान झालं. मला तेव्हा फक्त लाज वाटली होती.

पोरीला म्हटलं, "मग वर जा की. यादी कसली वाचत बसतेस? कुठून काढायचं ते तू त्यांना सांग, तुझ्या चिपमध्ये कप्पे कसे हवेत ते त्यांना विचार." ती हसली. "आई, लोक यावर पीएचडी करतात." "करू देत. तू जिना चढ."

चढली. वरचा एक जण म्हणाला, "आमचं काम झालंय मॅडम, तुमची चिप सुधारा." हिने खुर्ची ओढली आणि तिथेच बसली, माझ्यावर गेलीय. शेवटी ठरलं: वरच्यांनी दर चार आकड्यांतले दोनच ठेवायचे, हिने चिपमध्ये दोनांपुरतेच कप्पे करायचे. त्याने आवाज घोगरा आला, तेव्हा वरच्यांनी डोक्याला त्याच चौकटीत पुन्हा शिकवलं. आता दोन्ही टोळ्या एका टेबलावर बसतात. साहेबाने कुरकुर करून तारीख पुढे नेली. कॉम्प्युटरवरच्या चाचणीत बॅटरी दिवसभर पुरते. खरी चिप हातात यायची आहे अजून, पण जमेल. मला माहीत आहे.

परवा तिने चाचणीतला आवाज ऐकवला. आधी नुसता मासळी बाजार, मग तो विरत गेला आणि एक बाई साफ म्हणाली, "जेवून जा." मी उठून आत गेले.

ठोकून ठोकून तुझे कान गेले होते. शेवटची वर्षं मी काही बोलले की तू मान पुढे करून विचारायचास, "काय बोललीस?" मी सदा घाईत. म्हणायचे, "काय नाय."

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, कपाटातच राहील. पण बाबा, दर वेळी मी काहीतरी बोललेले असायचे.