चाप ओढण्याआधी

७८६
येडगाव, ता. १८ नोव्हेंबर २०२४

चि. जलाल यास नसीम आपाचा सलाम व दुवा. वि. वि.

कागदावर लिहून शेजारच्या बुशराच्या फोनवरून फोटो पाठवतेय. घरच्या फोनवर काही आलं-गेलं की तुझे दुल्हेभाई माझ्याआधी वाचतात.

तिकडं अमेरिकेत तुझ्या फार्मवरची वासरं कोल्ह्यासारखं कुठलंसं जनावर नेतं, हे कळलं. हरणाचाही परवाना काढलास आणि दोन्हींना चालेल अशी एकच गोळी शोधतोयस, दोन खोकी कशाला, हेही कळलं. काटकसर माझ्याकडून शिकलास, ठीक. पण ते सगळं यांना लिहायची काय गरज होती? बिबट्यानं आपली शेळी नेल्यापासून हे आधीच पेटलेले. आता आळेफाट्याला टपरीवर बसून लोकांना रायफलच्या गोळ्या समजावतात. सासऱ्यांची परवान्याची बंदूक निवडणुकीपायी ठाण्यात जमा आहे. मतदान झालं की आणणार आणि बिबट्याला उडवणार म्हणे! त्याला मारलं तर सरळ तुरुंग, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. शिवाय उसाच्या पल्याड तोडणीवाल्यांच्या कोप्या आहेत, पाचटाच्या त्या झोपड्यांत पोराबाळांसकट माणसं राहतात. मी बोलले तर म्हणतात, जलाल तिकडं मारतो तेव्हा तुझी जीभ कुठं जाते.

तेव्हा तूच लिही आणि त्यांचं डोकं थंड कर. हरीण पाडलंस तर बिस्मिल्ला म्हणूनच पाड, आणि गोश्त वाया घालवू नकोस.

लोभ आहेच. तो वाढला नाही तरी चालेल, अक्कल वाढव.
नसीम आपा


नेब्रास्का, ता. २५ नोव्हेंबर

आदरणीय आपास जलालचा सलाम.

रागावू नकोस, दुल्हेभाईंना कालच सविस्तर कळवलं. वासरं नेणाऱ्या जनावरासाठी हलकी गोळी असते, ती लागताच आतल्या आत फुटते. तीच हरणाला मारली तर निम्मं गोश्त खराब. हरणाची जड गोळी शाबूत राहते, पण आरपार जाते. दोन्ही साधायचं तर मधल्या वजनाची, पुढून मऊ अशी घ्यावी, असं दुकानदाराचं मत. पण त्यानं पहिल्यांदा विचारलं ते हे, की जनावराच्या मागं काय असतं. इथं मागं टेकडी आणि मोकळा माळ. तुमच्याकडं तसं नाही. शिवाय तुमच्या घरची बंदूक बारा बोअरची, तिला रायफलची गोळी बसतच नाही, हेही बजावलंय. आता ते नक्की गप्प बसतील.

तुझ्या शिव्यांची वाट बघणारा,
जलाल


७८६
येडगाव, ता. ९ डिसेंबर

चि. जलाल, सलाम व दुवा. वि. वि.

तुला पाणी ओत म्हटलं, तू रॉकेल ओतलंस. तुझं वाचून यांनी एवढंच घेतलं की आरपार न जाणारं काडतूस हवं. बंदूक आली, आणि गुरुवारी गोठ्यापुढं खाट टाकून बसले.

मी भांडणच सोडलं. म्हटलं, झाडा, पण बार कुठल्या दिशेला ते आधी दाखवा. उसाकडं बोट केलं, तर तिकडून तोडणीवाली पारूबाई पोरं घेऊन पाण्याला येत होती. डावीकडं शाळा. उजवीकडं बुशराचं घर. मग म्हणाले, विहिरीकडची बाजू मोकळी आहे, बिबट्याही तिकडूनच येतो.

मी उठले, धुण्याचं घमेलं घेतलं आणि विहिरीवरच्या धोंड्याशी जाऊन बसले. सांगितलं, यापुढं रोज सांजेपर्यंत माझं धुणं इथंच, तुम्ही खुशाल नेम धरा. ओरडले, येडी झालीस का, बिबट्या तुलाच नेईल, ऊठ तिथून. मी गोधडी भिजवली. गोधडीला अख्खी दुपार जाते, हे त्यांना ठाऊक नसणार. शेवटी त्यांनी बंदुकीतली काडतुसं काढून खिशात घातली आणि मला विहिरीची मोटर चालू करून दिली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा!

बंदूक कपाटात आहे, किल्ली माझ्या कमरेला. वनखात्याचा पिंजरा परवा लागला. आत बांधायला मात्र आमची उरलेली शेळीच मागितली. द्यायची नाही, यावर आम्हा दोघांचं एकमत झालं. कोंबड्यांवर भागवा म्हटलं.

तू हलकी घे, जड घे, नाहीतर मधली. पण चाप ओढण्याआधी हरणाच्या मागं तुझी आपा धुणं धुतेय असं समज.

दुवेत आहेसच, तिथंच राहा.
नसीम आपा