शून्याभोवतीचा फेरा

९ मे १९२७, सोलापूर
गणितात गेलो ते गेलोच. फिजिक्समध्ये बरे मार्क पडून उपयोग काय? ऑक्टोबरात पुन्हा बसायचं. आबा म्हणाले, "सुट्टी सरस्तवर बघतो. न्हायतर पुणं बंद. सुताच्या दुकानात बस." ओरडले असते तर परवडलं असतं.

१० मे
देशपांडे सरांकडे गेलो. धारवाडच्या कॉलेजात गणित शिकवायचे, आता पेन्शनीत. बायकोशी कानडी, माझ्याशी मराठी. म्हटलं, कॉम्प्लेक्स फंक्शनचा भाग कच्चा आहे. चार प्रश्न विचारून म्हणाले, "कच्चा कसला, कोरा आहे!" आणि लगेच शिकवायलाच बसले.

१४ मे
काय माणूस आहे! विद्युतभारित तारेभोवतीच्या रेषा आम्ही कॉलेजात घोकल्या. सरांनी त्या एका लॉगमधून काढल्या. त्याचा एक भाग घेतला की पोटेन्शियल, दुसरा घेतला की रेषा. मी नुसता बघत राहिलो. चहा निवून गेला.

१९ मे
इंटिग्रलचं उत्तर शून्य. पुन्हा केलं, पुन्हा शून्य. आतली प्रत्येक किंमत शून्याहून मोठी, आणि बेरीज शून्य! चिडून पाटी पुसली. दुकानात गादीवर बसलेला मी दिसायला लागलो.

२० मे
सरांनी आकृती बघितली. हसू दाबत, "महादेवाला प्रदक्षिणा कशी घालतोस रे?"
म्हटलं, पिंडीचं पाणी जाणाऱ्या पन्हळीपर्यंत जायचं, ती ओलांडायची नाही, उलटं फिरून तिच्या दुसऱ्या बाजूला यायचं.
"मग इथं का ओलांडलीस?"
शून्यापासून निघालेली रेषा म्हणजे ती पन्हळ. मोठ्या वर्तुळाने एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जायचं, छोट्याने उलटं परतायचं. मी खुशाल ओलांडून गेलो. दोन्ही काठांवर फंक्शनची किंमत एकच धरली, म्हणून जाणं-येणं एकमेकांत कटलं. लहानपणापासून दर सोमवारी करतोय, आणि पाटीवर सुचू नये! गाढव आहे मी.
उत्तर आलं. इतकं देखणं, की सरांना वाकून नमस्कारच केला.

२ जून
आबा न सांगता सरांच्या ओसरीवर येऊन बसले. सरांनी नवं उदाहरण घातलं, स्वतःच सोडवू लागले. मध्येच माझ्या तोंडून गेलं, "सर, वरच्या अर्धवर्तुळाने नको, खालच्याने वळू या. वरून गेलो तर घातांक वाढत जाईल." सर थांबले. खडू माझ्या हातात दिला. मग मीच बोलत राहिलो, शेवटपर्यंत.

परतताना आबा म्हणाले, "मला काय बी कळलं न्हाय. पर तू बोलत हुतास तवा सर गप हुते."
थोडं चालून, "पास व्हशील न्हवं?"
व्हय म्हणायचं होतं. जीभ रेटेना. "ठावं न्हाय, आबा."
"बरं," म्हणाले. "पुण्याची गाडी कदी हाय?"